टिसॉट जंटलमन की सीको अल्पिनिस्ट: पाऊण लाखाच्या घड्याळात काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलं ऑटोमॅटिक घड्याळ घ्यायचंय, बजेट पाऊण लाखाच्या आगेमागे, आणि निवड दोनांवर येऊन थांबली आहे: टिसॉटचं जंटलमन पॉवरमॅटिक ८० सिलिसियम आणि सीकोचं हिरव्या डायलचं अल्पिनिस्ट, म्हणजे एसपीबी१२१. पुण्यात राहता, दुचाकीवरून ऑफिसला जाता, दिवसभर लॅपटॉपसमोर बसता, जमेल तसे ट्रेक करता. घड्याळ एकच वापरायचंय आणि पुढे मुलाला द्यायचंय. वडिलांचं एचएमटी जनता घरात अजून चालतंय, तेव्हा नवं घड्याळही तेवढं टिकेल का, हेही विचारलंय.

उत्तर आधी देतो. तुमचा वापर बघता अल्पिनिस्ट घ्या. टिसॉट वेळेला जास्त पक्कं आहे, मनगटावर जास्त सुबक बसतं, आणि नुसतं ऑफिससाठी विचारलं असतंत तर मी तेच सांगितलं असतं. पण तुम्ही वीस-तीस वर्षांची गोष्ट करताय, आणि तेवढ्या काळाचा हिशेब मांडला की कोणत्या घड्याळात किती बिघाड होतो यापेक्षा झालेला बिघाड कोण आणि कुठे काढू शकतो हे जास्त मोलाचं ठरतं. बरीच वर्षं घड्याळं उघडून झाल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. त्याची कारणं सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला पटलं नाही तर टिसॉट घ्यायला तुम्ही मोकळे.

कागदावरचे आकडे पटकन उरकू. जंटलमन ४० मिमी व्यासाचं आणि साडेअकरा मिमी जाडीचं. अल्पिनिस्ट ३९.५ मिमी व्यासाचं, पण जाडी १३.२ मिमी. दोघांना सफायर काच, दोघांची मागची बाजू पारदर्शक. पाण्याचं रेटिंग टिसॉटला १०० मीटर, सीकोला २०० मीटर आणि वर स्क्रू करून बंद होणारी चावी, म्हणजे घड्याळाच्या कडेची फिरवायची खुंटी. पॉवर रिझर्व्ह, म्हणजे पूर्ण भरलेलं घड्याळ काढून ठेवल्यावर किती चालतं ते, टिसॉटचा ८० तास, सीकोचा ७० तास. यातल्या शेवटच्या फरकावर वेळ घालवू नका. शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी नऊला हातात घेतलं तर ६२ तास होतात. तेवढे दोन्ही काढतात.

दोघांचे ठोकेही सारखेच आहेत, तासाला २१,६०० म्हणजे सेकंदाला सहा. सेकंदकाटा कोणाचा जास्त अलगद सरकतो ही चर्चा इथे गैरलागू आहे. पण टिसॉटने या आकड्यावर यायला काय केलं ते समजून घेण्यासारखं आहे. पॉवरमॅटिक ८० ही ईटीए या मशिन बनवणाऱ्या स्विस कंपनीच्या २८२४-२ या जुन्या, जगभर शेकडो ब्रँडांनी वापरलेल्या मशिनची पुढची पिढी. मूळ मशिन तासाला २८,८०० ठोक्यांचं होतं आणि भरलेली चावी ३८ तासांच्या आसपास पुरायची. ईटीएने ठोके कमी केले आणि बॅरलच्या, म्हणजे स्प्रिंगच्या डबीच्या, मधला दांडा बारीक करून त्याच जागेत जास्त लांबीची मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळाला ताकद देणारी मुख्य स्प्रिंग, बसवली. ठोके कमी म्हणजे स्प्रिंग सावकाश उलगडते. ८० तास तिथून आले. मोबदल्यात धक्क्यांना तोंड द्यायची ताकद थोडी कमी झाली, कारण बॅलन्स व्हील, म्हणजे ठोके देणारं चाक, वेगाने डोलत असेल तर धक्क्यातून लवकर सावरतं. अल्पिनिस्टमधलं सीकोचं ६आर३५ हे मशिन त्याच वेगाचं असल्यामुळे या बाबतीत दोघंही एका पायरीवर आहेत. खडकीचे खड्डे असोत की कात्रजचा घाट, दुचाकीच्या हादऱ्यांनी दोघांपैकी कोणाचंच काही बिघडणार नाही. हॅमर ड्रिल चालवताना आणि सीझन बॉलने बॅटिंग करताना मात्र कोणतंही ऑटोमॅटिक घड्याळ काढून ठेवावं.

आता मुद्द्याचा भाग, हेअरस्प्रिंग. बॅलन्स व्हीलला मागेपुढे डोलवणारी, केसासारखी बारीक, सर्पिल स्प्रिंग. घड्याळ पुढे जाईल की मागे पडेल हे मुख्यतः तीच ठरवते, आणि या दोन घड्याळांतला खरा फरक तिथेच आहे.

टिसॉटच्या या मॉडेलमधली हेअरस्प्रिंग सिलिकॉनची आहे. सिलिकॉनवर चुंबकाचा परिणाम होत नाही. लॅपटॉपच्या झाकणातले चुंबक, मोबाईलच्या मागे चिकटणारे चार्जर, बॅगेची चुंबकी बटणं, स्पीकर यांच्या शेजारी घड्याळ ठेवलं तरी या स्प्रिंगला काही होत नाही. गंज नाही, वाकणं नाही, तापमानातल्या फरकाने फारसं बदलणंही नाही. वर या मशिनला वेळ पुढे-मागे करायची नेहमीची पट्टीच नाही. बॅलन्स व्हीलवर बसवलेल्या बारीक वजनांची जागा बदलून त्याची चाल ठरते, आणि ते काम कारखान्यात यंत्रांवर होतं. म्हणून नवं पॉवरमॅटिक टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवलं की समाधान वाटतं. डायल वर, डायल खाली, चावी खाली, कसंही धरा, आकडे एकमेकांच्या जवळ राहतात. माझ्याकडे तपासणीला येणारी नवी घड्याळं बहुतेक वेळा दिवसाला पाचेक सेकंदांच्या आत असतात. या किमतीला ही मोठी गोष्ट आहे. स्विस क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाची, मर्यादा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद असते हे लक्षात घेतलंत तर कळेल, की प्रमाणपत्र नसलेलं हे घड्याळ त्याच पंगतीला बसतं.

सीकोचं तसं नाही. ६आर३५ साठी कंपनी स्वतःच दिवसाला अधिक २५ ते उणे १५ सेकंद एवढी सूट घेते. प्रत्यक्षात घड्याळं याहून बरीच बरी चालतात, पण वेगवेगळ्या स्थितीतली तफावत जास्त असते. उदाहरण म्हणून असे आकडे धरा: डायल वर असताना अधिक ८, डायल खाली अधिक ६, चावी खाली असताना उणे ९. हे घड्याळ बिघडलेलं नाही. ६आर३५ चा हा स्वभावच आहे. पट्टी सरकवून सगळे आकडे एकत्र वर किंवा खाली नेता येतात, पण त्यांच्यातलं अंतर पट्टीने मिटत नाही. याचा उपाय वापरणाऱ्याच्या हातात असतो. रात्री घड्याळ काढून ठेवता तेव्हा ज्या स्थितीत ते पुढे जातं त्या स्थितीत ठेवलं, तर दिवसभर मनगटावर पडलेला फरक रात्रीत भरून निघतो. माझ्या ओळखीतले पुष्कळ सीकोवाले वर्षानुवर्षं हेच करतात आणि त्यांची घड्याळं आठवडाभरात अर्ध्या मिनिटाच्या आत राहतात. तुम्हाला असं काही करत बसायचा कंटाळा असेल तर तो टिसॉट घेण्याचा चांगला मुद्दा आहे.

इथपर्यंत टिसॉट पुढे आहे. आता तीच घड्याळं आणखी दहा वर्षांनी माझ्या टेबलावर आहेत असं धरू.

सीको उघडलं की बॅलन्सच्या वर दोन छोट्या पट्ट्या दिसतात. एकीने वेळ पुढे-मागे होते, दुसरीने टिक आणि टॉकमधला असमतोल, म्हणजे बीट एरर, काढता येतो. पट्टी केसभर हलली तरी दिवसाचे दहा-वीस सेकंद बदलतात, म्हणून हात स्थिर लागतो आणि शेजारी टाइमग्राफर लागतो. पण एवढं जमणारा कारागीर पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात मिळतो. घड्याळात चुंबकत्व शिरलं तर हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटायला लागतात आणि कालपर्यंत नीट चालणारं घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटं पुढे पळतं. घाबरलेला माणूस घड्याळ घेऊन येतो. चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर धरून सावकाश दूर नेलं की अर्ध्या मिनिटात काम होतं, मागचं झाकण उघडावंही लागत नाही. लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाला ही अडचण कधीतरी येणार हे धरून चाला. पण ती अडचण किरकोळ आहे.

टिसॉटला ही अडचण बहुधा येणारच नाही. तिथे भीती वेगळी आहे. सिलिकॉन वाकत नाही, तुटतं. धातूची हेअरस्प्रिंग वाकडी झाली तर सराईत हात चिमट्याने ती पुन्हा वळणावर आणू शकतो. मी असे कैक वेढे सरळ केले आहेत. सिलिकॉनच्या स्प्रिंगला चिमटा चुकीचा लागला की तिथे दुरुस्ती संपते आणि बॅलन्स अख्खा बदलावा लागतो. मनगटावर असताना ती सहसा तुटत नाही. ती तुटते, घड्याळ अननुभवी हातात पडतं तेव्हा. आणि तो बॅलन्स बदलायचा म्हटलं तर भाग हवा. स्वॉच समूहाने, ज्यात टिसॉट आणि ईटीए दोन्ही येतात, गेल्या दशकात बाहेरच्या पुरवठादारांना सुटे भाग देणं जवळजवळ थांबवलंय. म्हणजे माझ्यासारख्या स्वतंत्र कारागिराला हे घड्याळ साफ करता येईल, तेल देता येईल, पण सिलिकॉनचा बॅलन्स हवा असेल तर तुम्हाला अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच जावं लागेल. तिथे काम चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. पण पंचवीस वर्षांनी कंपनी या मशिनचे भाग ठेवेल की पूर्ण नवं मशिन बसवून देईल, हे तुमच्या मुलाच्या हातात नसेल.

सीकोचे सगळे भाग गल्लीबोळात मिळतात असंही नाही. ६आर३५ चे काही भाग मागवावे लागतात आणि वेळ जातो. पण हे मशिन ज्या ७एस आणि ४आर घराण्यातलं आहे, त्या घराण्याची घड्याळं जगभर अक्षरशः लाखोंनी फिरताहेत. ७एस२६ तर १९९६ मध्येच बाजारात आलं. त्याची रचना, त्याचे रोग आणि त्यावरचे उपाय हाताखालच्या पोरालाही पाठ असतात. वडिलांच्या एचएमटीबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर यातच आहे. सिटिझनच्या सहकार्याने बेंगळुरूत १९६१ पासून बनलेली ही घड्याळं आजही चालताहेत. जनता म्हणजे सतरा ज्वेल, हाताने चावी द्यायची, तासाला १८,००० ठोके. आजच्या मापाने त्यात विशेष काही नाही. २०१६ मध्ये कंपनीचा घड्याळ विभाग बंद झाला, तरी जनता बंद पडली नाही, कारण ती उघडता येणारे हात गावोगावी होते आणि भाग ड्रॉवरमध्ये पडून होते. अल्पिनिस्ट जनताइतकं साधं नाही, पण त्याच्या बरंच जवळ आहे. जंटलमन त्यापासून लांब आहे.

ऑटोमॅटिक चावीच्या रचनेतही असाच फरक आहे. सीकोची मॅजिक लिव्हर ही युक्ती १९५९ ची. दोन नखांचा एक लिव्हर रोटरसोबत, म्हणजे मनगटाच्या हालचालीने फिरणाऱ्या वजनासोबत, पुढे-मागे होतो, एक नख चाक ओढतं, दुसरं ढकलतं. रोटर कुठल्याही दिशेला फिरला तरी चावी भरते. भाग कमी, झीज कमी, आणि साफ करताना भानगड कमी. ईटीएच्या घराण्यात हे काम दोन रिव्हर्सर चाकं करतात, ज्यांच्या पोटात एकाच दिशेने फिरू देणाऱ्या बारीक खिट्ट्या, म्हणजे क्लिक, असतात. त्यांना ठराविक पद्धतीनेच तेल द्यावं लागतं. तेल जास्त झालं किंवा जुनं होऊन चिकट झालं की चाकं अडकतात. ओळखायची खूण सोपी आहे: घड्याळाला हाताने चावी देताना आतला रोटरही गरगर फिरायला लागला, तर रिव्हर्सर सर्व्हिसला आलेत. टिसॉट घेतलंत तर पारदर्शक झाकणातून हे अधूनमधून बघत जा. आणि या घड्याळाला रोज हाताने चावी देऊ नका. बंद पडलं असेल तर वीस-पंचवीस फेरे देऊन चालू करा, बाकी काम रोटरवर सोडा.

आता ट्रेकचं. अल्पिनिस्ट हे नावच गिर्यारोहकांवरून आलंय. पहिलं अल्पिनिस्ट १९५९ मध्ये जपानमधल्या डोंगर चढणाऱ्यांसाठी निघालं. आतली फिरणारी दिशांची रिंग १९९५ मध्ये आली, हिरवी डायल गाजवली ती २००६ च्या एसएआरबी०१७ ने, आणि २०२० मध्ये तुम्ही बघताय ते एसपीबी१२१ आलं. चार वाजण्याच्या जागी जी दुसरी चावी आहे, तिने ही रिंग फिरते. वापर असा: घड्याळ आडवं धरून तासकाटा सूर्याकडे करायचा. तासकाटा आणि बारा यांच्या बरोबर मध्यावर दक्षिण येते. रिंगवरचं दक्षिणेचं अक्षर तिथे आणायचं, की बाकीच्या दिशा आपोआप लागतात.

पण ही पद्धत ज्या देशासाठी बसवली तो जपान बऱ्याच उत्तरेला आहे. आपल्याकडे दोन दुरुस्त्या लागतात आणि त्या कोणी सांगत नाही. पहिली, आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि पुणे सुमारे चौऱ्याहत्तर अंशावर. सूर्य आपल्या घड्याळाच्या पस्तीस मिनिटं मागे असतो. म्हणून दिशा काढताना मनातल्या मनात तासकाटा तेवढा मागे धरायचा. दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची. पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत भर दुपारी हे गणित सरळ उलटी दिशा दाखवू शकतं, आणि त्याच्या पुढच्या-मागच्या आठवड्यांतही सूर्य माथ्यावर असल्याने त्यात अर्थ नसतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी राजगड-तोरणा करताना मात्र ती रिंग बऱ्यापैकी खरी दिशा देते. तेव्हा रिंगची मजा घ्या, पण जंगलातल्या वाटेसाठी सॅकमध्ये खरं होकायंत्र असू द्या.

ट्रेकला रिंगपेक्षा कामाची आहे ती स्क्रूची चावी. आपल्या पावसाळ्यात घड्याळ मरतं ते ओलाव्याने. टिसॉटचं १०० मीटर रेटिंग पावसाला, नळाच्या पाण्याला, अगदी पोहायलाही पुरतं, पण त्याची चावी नुसती दाबून बसते. झाडीतून जाताना, सॅकचा पट्टा खांद्यावर चढवताना ती अर्धवट बाहेर ओढली गेली आणि लक्षात आलं नाही, तर पाण्याला वाट मोकळी. सीकोची चावी स्क्रू केलेली असली की हा प्रश्न येत नाही. फक्त ती बंद करायची पद्धत शिका. चावी हलकेच आत दाबून आधी उलट्या दिशेने फिरवायची, आटे एकमेकांवर बसल्याचा छोटासा टप्पा बोटाला जाणवतो, मग सुलट फिरवून बंद करायची. घाईत तिरकी लावून दामटली की आटे खातात, आणि स्क्रूची चावी असलेल्या घड्याळांत ही माझ्याकडे येणारी सगळ्यात सर्रास तक्रार आहे.

दोन्हीपैकी काहीही घ्या, दर पावसाळ्याआधी पाणी शिरतं का ते तपासून घ्या. चांगल्या दुकानात प्रेशर टेस्टचं यंत्र असतं. आमच्याकडे त्यासोबत आणखी एक साधी चाचणी होते. घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या गरम पट्टीवर थोडा वेळ ठेवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब टाकायचा, मिनिटभराने पुसायचा. काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरलं असेल तर ओलावा आधीच आत आहे. पाणी अडवणारी रबरी गॅस्केट पाच-सहा वर्षांत कडक होतात. ती बदलायला फार खर्च येत नाही, आणि न बदलल्याने होणारं नुकसान मात्र डायल आणि काट्यांपर्यंत जातं.

पट्ट्याबद्दल दोन शब्द. अल्पिनिस्ट चामडी पट्ट्यावर येतं. तो पट्टा ऑफिसला शोभतो, पण आपल्या घामात आणि पावसात एक वर्षही चांगला राहणार नाही. पहिल्याच महिन्यात नायलॉनचा किंवा रबरचा पट्टा घेऊन ठेवा. त्याच्या लग्जमधलं, म्हणजे पट्टा अडकवायच्या टोकांमधलं, अंतर २० मिमी आहे, त्यामुळे कुठल्याही दुकानात हवा तो पट्टा मिळतो. जंटलमनचं हेच अंतर २१ मिमी आहे. हे मधलंच माप आहे, आणि लक्ष्मी रोडवर फिरून बघा, २० आणि २२ चे शंभर पट्टे दाखवतील, २१ चा शोधावा लागेल. त्याचा स्टीलचा पट्टा मात्र सुंदर आहे. तक्रार एवढीच, की फुलपाखरू पद्धतीच्या त्या क्लास्पला कडेला बारीक अॅडजस्टमेंटची भोकं नसतात. एप्रिलमध्ये मनगट सुजतं तेव्हा एक कडी घातली किंवा काढली तरी सैल-घट्टचा मेळ बसत नाही. दुकानात संध्याकाळी जाऊन माप घ्या, सकाळी मनगट बारीक असतं.

दिसण्याबद्दल मी फार बोलणार नाही, ते तुमच्या डोळ्यांचं काम आहे. एक गोष्ट मात्र मनगटावर घालूनच ठरवा. अल्पिनिस्टची जाडी आणि तारखेवरचं भिंग. फॉर्मल शर्टाच्या बटण लावलेल्या बाहीखाली ते अडकतं, जंटलमन सरकन आत जातं. भिंग काहींना खटकतं, चाळिशीनंतर मात्र तेच आवडायला लागतं. अंधारात सीकोचे काटे जास्त वेळ दिसतात. पहाटे तंबूत वेळ बघायची असेल तर हा फरक जाणवतो.

आता खरेदी. बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड याशिवाय घेऊ नका. ऑनलाइन आठ-दहा हजार स्वस्त मिळणारं ग्रे मार्केटचं, म्हणजे अधिकृत विक्रेत्याला वगळून आलेलं, घड्याळ सर्व्हिस सेंटरच्या दारात गेलं की महाग पडतं, आणि टिसॉटच्या बाबतीत तर सर्व्हिस सेंटर हाच तुमचा मुख्य आधार असणार आहे. स्विस घड्याळांच्या किमतींबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. भारत आणि एफ्टा, म्हणजे स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा गट, यांच्यातला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय आणि त्यात स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी व्हायचं आहे. टिसॉटकडेच मन ओढत असेल आणि घाई नसेल, तर थोडं थांबायला हरकत नाही.

दुकानात चार गोष्टी बघा. सेकंदकाटा थांबवून वेळ लावा आणि मिनिटकाटा खुणेवर नीट बसतो का बघा. बाराच्या खुणा, डायल आणि अल्पिनिस्टची आतली रिंग सरळ रेषेत आहेत का, तेही बघा. सीकोमध्ये रिंग किंचित तिरपी बसलेली मी अधूनमधून पाहतो आणि एकदा दिसली की ती रोज दिसते. तारीख मध्यरात्रीच्या आसपास पूर्ण बदलते का ते काटे पुढे फिरवून तपासा. पण रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत काटे असताना चावीने तारीख बदलू नका, दोन्ही घड्याळांत त्यावेळी तारखेचं चाक गुंतलेलं असतं. आणि दुकानात टाइमग्राफर असेल तर किमान तीन स्थितींत वाचन मागा. सीकोसाठी लिफ्ट अँगल, म्हणजे त्या यंत्रात भरायचा मशिनचा ठरलेला कोन, ५३ अंश लावायला सांगा, नाहीतर अॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स व्हील किती अंश डोलतं ते, चुकीचा दिसेल. पूर्ण चावी भरलेल्या नव्या घड्याळात डायल वर असताना अॅम्प्लिट्यूड २५० अंशांच्या खाली असेल तर दुसरा नग मागा, संकोच करू नका.

घरी आणल्यावर पहिला महिनाभर वेळ जुळवत बसू नका. रोज सकाळी एकाच वेळी मोबाईलशी ताडून फरक वहीत लिहा, आणि शेजारी रात्री घड्याळ कसं ठेवलं होतं तेही लिहा. नवं मशिन पहिल्या काही आठवड्यांत थोडं स्थिरावतं. महिन्याच्या शेवटीही सीको दिवसाला पंधरा सेकंदांहून जास्त पुढे किंवा मागे जात असेल, तर वॉरंटीत जाऊन रेग्युलेट करून मागा. कंपनीच्या मर्यादेत बसतं म्हणून परत पाठवायला लागले, तर तुमची वही दाखवा आणि नम्रपणे आग्रह धरा, बहुतेक ठिकाणी करून देतात. वॉरंटी चालू असताना झाकण मात्र माझ्यासकट कोणाही बाहेरच्याला उघडू देऊ नका. ती संपली की पहिली पूर्ण सर्व्हिस पाच ते सात वर्षांनी करा, आणि ज्याच्याकडे द्याल त्याला आधी विचारा की तो सुटे भाग धुऊन, नवं तेल देऊन, नंतर निदान पाच स्थितींतलं वाचन लिहून देतो का. जो वाचन लिहून द्यायला तयार असतो, त्याच्याकडेच घड्याळ ठेवा.